मासे मारणाऱ्यांची राखण

भाईंदर पूर्वेची गोडदेव, नवघर, खारी ही जुनी गावठाणं आज इमारतींच्या मधोमध उरली आहेत. गोडदेव नाक्यावरून कुठेही पाहिलं तरी खाडी दिसत नाही. पण भरती-ओहोटीचं पाणी इथून फार लांब नाही. उत्तरेला वसईची खाडी आहे. उल्हास नदी घोडबंदरवरून याच खाडीतून समुद्राला मिळते. रेल्वेच्या पलीकडे पश्चिमेला मिठागरं आणि खाजणं, आणि त्यांच्याही पलीकडे उत्तन, पाली, चौक हे कोळीवाडे. या पट्ट्यातल्या आगरी घरांचं पोट शेत, मिठागर आणि खाडी अशा तीन ठिकाणी वाटलेलं होतं. पावसाळ्यात भात, कोरड्या दिवसांत मीठ, आणि वर्षभर खाडीतून येईल ते: चिंबोरी, निवटी, कोळंबी, बोय.

निसर्ग राखायचा असेल तर त्याला हात लावणारा माणूस आधी बाहेर काढला पाहिजे, असा समज शहरात घट्ट बसला आहे. शिकारी म्हणजे वन्यजीवांचा वैरी, आणि गळ टाकणारा किंवा जाळं ओढणारा फार तर सोसून घ्यायचा. मला हा समज अपुरा वाटतो. जगभरात प्राणी आणि मासे टिकले त्यातल्या कित्येक ठिकाणी त्यांना मारणाऱ्यांचाच मोठा वाटा आहे, आणि जिथे ते संपले तिथेही बहुतेकदा मारणारेच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग फरक कशाने पडतो? माझ्या मते दोन गोष्टींनी. मारणाऱ्याला उद्या त्याच पाण्यात, त्याच रानात परत यायचं आहे का? आणि तिथे काय चालावं, काय चालू नये, हे ठरवताना त्याचं कोणी ऐकतं का?

आधी खाडीतल्या माणसाचं ज्ञान कशा प्रकारचं असतं ते पाहू. पाग हे हाताने फेकायचं गोल जाळं. काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस जाळ्याचा काही भाग खांद्यावर घेतो, काही कोपरावर, आणि कंबरेतून वळून ते असं सोडतो की पाण्यावर पडताना त्याचा पूर्ण वर्तुळाकार घेर उघडतो. पण फेकणं हा कामाचा शेवटचा भाग. त्याआधी तो बराच वेळ नुसता पाहत असतो. बोयांचा थवा पृष्ठभागाखालून सरकताना पाण्यावर एक बारीक थरथर उठते, ती त्याला दिसते. कुठल्या वाहाळात ओहोटीला पाणी साचून राहतं, तिवरांच्या कुठल्या मुळांपाशी कोळंबीची पिल्लं थांबतात, खाजणाच्या बांधाच्या कुठल्या उघाडीपाशी पाणी सुटताना मासा येतो, हे त्याला पाठ असतं. म्हणूनच एखादा वाहाळ मेला की तेही त्यालाच सर्वांत आधी कळतं. चिखलातली निवटी दिसेनाशी होते, माशाला रॉकेलचा वास येऊ लागतो, चिंबोरीच्या बिळांची तोंडं बुजलेली दिसतात. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना पोचण्याच्या कितीतरी आधी खाडीकाठच्या घरात त्याची चर्चा झालेली असते.

उत्तनच्या कोळ्यांची डोल हे याहून मोठं प्रकरण. डोल म्हणजे प्रचंड पिशवी. तोंड रुंद, मागे निमुळती होत गेलेली, शेपटाकडे आस, म्हणजे जाळ्याचं भोक, अगदी बारीक. ती इंजिनाने ओढत फिरवत नाहीत. समुद्रतळात खुंट रोवून कव मारतात, त्या कवीला डोल बांधतात आणि तोंड प्रवाहाकडे करून सोडून देतात. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी जोराने आरपार जातं आणि बोंबील, मांदेली, करंदी, जवळा पिशवीत अडकतात. पाण्याला ओढ असेल तरच डोल भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती भरते, अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस आले की पाणी मंदावतं आणि डोल लावण्यात अर्थ उरत नाही. चंद्र कामाचे दिवस ठरवतो आणि सुट्टीचेही. मासेमारीची ही रीत आपोआपच थांबे घेत चालते. शिवाय कवीची जागा ठरलेली असते. कुणाची कव कुठे हे गावात माहीत असतं, आणि त्या जागेवरचा मासा संपला तर नुकसान त्याच घराचं होतं. याच कवींच्या हद्दींवरून वसई-उत्तनकडचे डोलधारक आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात जुना वाद आहे, तो अजून पेटतो. समुद्र कुणाचाच नाही असं मानणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. मला त्यात जबाबदारीची भावना दिसते. जागा आपली वाटते म्हणूनच माणूस तिच्यासाठी भांडतो.

डोलीची दुसरी बाजूही सांगायला हवी. जवळ्यासाठी शेपटाची आस बारीक ठेवली की तीत इतर माशांची पिल्लंही येतात. बोटभर पापलेट, बोटभर घोळ. हे डोलधारकांनाही ठाऊक आहे आणि ते त्यांच्या सभांमध्ये बोललंही जातं. पारंपरिक आहे म्हणून निर्दोष आहे असं म्हणणं म्हणजे त्या माणसांना लहान मूल समजणं होईल.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी हा या चर्चेतला सर्वांत ठळक मुद्दा. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, यांत्रिक नौकांना. पण सरकारने आदेश काढण्याच्या पुष्कळ आधीपासून कोळीवाड्यांत पाऊस लागला की होड्या वर ओढल्या जात, जाळी शिवायला काढली जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच दर्यात जायचं अशी रीत होती. खवळलेला समुद्र हे त्यामागचं उघड कारण. त्याचा परिणाम असा, की कित्येक जातींच्या माशांना अंडी घालायला आणि पिल्लं वाढायला मोकळा वेळ मिळे. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते, म्हणजे सरकारी बंदी संपल्यावर. म्हणून मच्छीमार संघटनांची वर्षानुवर्षं मागणी आहे की बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा. ज्या माणसाचं उत्पन्न बंदीमुळे थांबतं तोच बंदी लांबवा म्हणतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाळ्यात येणारं लहान पापलेट दिसतं, आणि तेच दिवाळीला केवढं झालं असतं याचा हिशेब त्याला करता येतो.

कायद्याचा इतिहासही असाच आहे. १९७०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्यालगत येऊन तळ खरवडू लागले. गोव्यात किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, रापणकारांनी, त्याविरुद्ध संघटना उभारली. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्यातलं मोठं नाव. केरळातही किनारे पेटले होते. या दबावातून गोवा आणि केरळने १९८० साली, आणि महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे केले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखण्याची कल्पना या लढ्याने कायद्यात आणली. पुढे पर्ससीन आली. थव्याला चारी बाजूंनी वेढून तळ आवळणारं हे जाळं बांगडे-तारल्यांचा अख्खा थवा एका वेळी उचलतं. त्यावर डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींनुसार राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले: ठरावीक महिने, ठरावीक क्षेत्र, परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी. २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या, म्हणजे एलईडी मासेमारीवर बंदी आणली. या दोन्ही निर्णयांसाठी रस्त्यावर आलेले लोक पारंपरिक मच्छीमार होते.

पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटचं गाव. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनानुसार प्रतवारी करून घेतात, आणि त्या त्या प्रतीचा भाव निराळा. या व्यवहारामुळे एक मोलाची गोष्ट झाली. किती मासा आला एवढंच नव्हे, तर केवढा आला याचीही नोंद दप्तरात होत गेली. मोठ्या प्रतीचा मासा कमी होतोय आणि लहान प्रतीचा वाढतोय, ही समुद्र थकल्याची खूण सातपाटीकरांनी स्वतःच्या वह्यांमधून वाचली. पापलेटला राज्यमासा करावं, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये रूपेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवण्यात आलं. रूपेरी पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. यापेक्षा लहान मासा धरला तर दंड. नियम चांगला आहे. पण मासा एकदा जाळ्यात मेला की मोजपट्टी लावून काय उपयोग? म्हणून खरा उपाय आस मोठी करणं हाच आहे. ट्रॉलच्या शेपटाला चौकोनी आस लावण्याचा आग्रह त्यासाठीच. हिऱ्याच्या आकाराची आस ताण आला की मिटते आणि पिल्लांची वाट बंद होते, चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते.

जाळ्यात नको असलेलंही येतं. ऑलिव्ह रिडले कासव, हिरवं कासव, कधी व्हेल शार्क, कधी डॉल्फिन. जाळं हजारो रुपयांचं, आणि आत अडकलेला प्राणी जिवंत सोडायचा तर ते कापावं लागतं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या साथीने योजना आणली: संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. सुटकेचे फोटो किंवा चित्रण द्यायचं, फाटलेलं जाळं दाखवायचं. किनाऱ्यावरून दावे येऊ लागले, आणि त्यासोबत कुठल्या पाण्यात कुठलं कासव कोणत्या महिन्यात सापडतं याची माहितीही. पूर्वी कासव अडकलं तर मच्छीमार ते गुपचूप सोडून देई किंवा मेलं तर बोलत नसे, कारण बोललं तर वनखात्याचा ससेमिरा मागे लागण्याची भीती. पैशांइतकंच महत्त्वाचं हे की आता बोलणं सुरक्षित झालं. गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर २००४ पासून व्हेल शार्कच्या बाबतीत हेच घडलं होतं. तिथे तर याच माशाची शिकार चाले. रामकथाकार मोरारी बापूंनी या शार्कला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि मारणारे हातच जाळं कापून तिला सोडू लागले.

आता खाडीकडे परत. वसईच्या खाडीत मासा कमी झाला तो पाग टाकणाऱ्यांमुळे, असं कुणीच म्हणणार नाही. उल्हास नदी वर कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी घेऊन येते. खाजणांवर भराव पडतात, तिवरं जाळली आणि तोडली जातात. मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर २००५ साली तिवरं तोडण्यावर राज्यभर मनाई केली आणि २०१८ साली अंतिम निकालात ती पक्की केली. कागदावर हे भक्कम संरक्षण आहे. जमिनीवर मात्र रात्री डंपर आला की तो आधी दिसतो खाडीकाठच्या माणसाला. त्याच्या तक्रारीला किती वजन मिळतं यावर त्या संरक्षणाचं भवितव्य ठरतं. उत्तनच्या डोंगरावर शहराचा कचरा येऊ लागला तेव्हाही आवाज उठवला तो पायथ्याच्या कोळी आणि शेतकरी कुटुंबांनी. डोलीच्या शेपटात बोंबलांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या निघतात, त्या वेचून बाजूला काढण्याचं बिनमोल काम कोळणी रोज करतात.

उरणचं उदाहरण या संदर्भात मोठं आहे. बंदराच्या विस्तारासाठी भराव आणि तिवरतोड झाली, खाडीची मुखं बुजली. पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मासेमारीच्या हक्काला इतक्या स्पष्टपणे पर्यावरणाच्या हानीशी जोडणारे निर्णय आपल्याकडे मोजकेच आहेत. हक्क असला की तो गमावल्याची दाद मागता येते, आणि ती मागताना खाडीचीही दाद लागते.

शिकाऱ्यांची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. तरी त्याआधीचा वारसा आपल्या भोवती आहे. महाराष्ट्राचं पहिलं अभयारण्य म्हणजे राधानगरी, १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून घोषित झालेलं. ते जंगल मुळात कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारक्षेत्र होतं. रायगडमधलं फणसाड जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. राजाच्या शिकारीसाठी राखलेलं म्हणून तिथे कुऱ्हाड कमी चालली. ही राखण न्याय्य नव्हती, कारण ज्या रानात राजाला गवा मारता येई तिथे गावकऱ्याला मोळीही महाग पडे. आणि बंदूक हाती असलेल्या सत्तेला लगाम नसला की काय होतं तेही याच देशाने पाहिलं. १९४७ साली सरगुजा भागातल्या कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते टिपले, भारतातले नोंदले गेलेले ते शेवटचे. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. संस्थेच्या नियतकालिकाची सुरुवातीची पानं शिकाऱ्यांच्या टिपणांनी भरलेली आहेत: कुठल्या रानात कोणतं जनावर, त्याची लांबी, पोटात काय निघालं. सालिम अली यांचा पक्ष्यांशी परिचय झाला तो एअरगनने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे. तिची ओळख पटवायला ते सोसायटीत गेले आणि डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांच्यासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले. पुढे सोसायटीचे मानद सचिव झालेले हुमायून अब्दुलअली स्वतः पट्टीचे शिकारी, आणि १९५१चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचाच मोठा हात. शिकाऱ्याला जनावराची विणीची वेळ ठाऊक असते, म्हणून त्या काळात बंदी कधी घालायची हे तोच नेमकं सांगू शकला.

अमेरिकेने शिकाऱ्याचा पैसा थेट रानाकडे वळवला. १९३४ पासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याला एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं, त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी बाजूला काढला, १९५० साली गळ-दोऱ्यांवरच्या करालाही तसाच नियम लागू झाला. आपल्याकडे ही व्यवस्था जशीच्या तशी आणता येणार नाही आणि आणूही नये, आपला कायदा वेगळ्या विचारावर उभा आहे. पण पाण्याचा उपभोग घेणाऱ्याच्या पैशातून पाणी राखण्याची कल्पना घेण्यासारखी आहे.

अकोला-वाशिम भागात दुसरंच काही घडलं. फासेपारधी समाजाला इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का १९५२ साली पुसला गेला, पण लोकांच्या मनातून नाही. तित्तिर-लाव्यांसाठी फासे लावणारी ही माणसं गवताळ माळाची सर्वांत बारकाईने माहिती असलेली. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने त्यांच्यासोबत माळ राखण्याचं काम सुरू केलं. तणमोर हा अत्यंत दुर्मीळ झालेला पक्षी पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारतो, एरवी नजरेला पडत नाही. तो शोधायला पारध्यांची नजर लागली. अभ्यासकाच्या दुर्बिणीपेक्षा ती जुनी आहे.

गळ टाकणाऱ्यांचं सर्वांत मोठं काम मात्र महाशीर माशाशी बांधलेलं आहे, आणि ते अगदी आपल्या घाटात घडलं. दख्खनचा निळ्या परांचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, १८३९ साली कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णन केला. गळाला लागल्यावर हा मासा ज्या ताकदीने प्रवाहात धावतो, त्यामुळे जगभरचे गळवाले त्याच्यासाठी वेडे. विसाव्या शतकात धरणं झाली, वर चढून अंडी घालण्याच्या वाटा बंद पडल्या, सुरुंगाने मासे मारण्याचं लोण आलं. डॉ. चिं. वि. कुलकर्णी हे मत्स्यशास्त्रज्ञ, ज्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या मचूळ पाण्यातला होराइक्थिस हा काडीएवढा पारदर्शक मासा १९४० साली शास्त्राला परिचित करून दिला होता, त्यांनी लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. १९७०च्या सुमाराची ही गोष्ट. एस. एन. ओगले यांच्यासोबत त्यांनी पुढे एक साधी युक्ती सिद्ध केली. महाशीराची अंडी मोठी, पिवळसर, आणि उबायला दोन-तीन दिवस घेणारी. ती पाण्यातून नेली तर हिंदकळून मरतात. त्यांनी ती ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने पाठवली आणि ती लांबवर जिवंत पोचली. लोणावळ्याचं बीज देशभरच्या नद्या-तलावांत गेलं.

ते कावेरीतही गेलं. तिथे गळवाल्यांच्या संघटनेने नदीचा पट्टा भाड्याने घेऊन राखला होता. पकडलेला मासा तोलायचा, नोंदवायचा आणि परत सोडायचा, हा नियम. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांतल्या काहींना वाटाडे आणि राखणदार म्हणून पगारावर ठेवलं. गळवाल्यांच्या एका छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या वह्या पुढे संशोधकांच्या हाती आल्या: २३,६२० तासांची गळमारी, ६,१६१ महाशीर. एवढी सलग नोंद भारतातल्या कुठल्याही नदीच्या माशाची सरकारी दप्तरात क्वचितच मिळेल. वह्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. राखलेल्या पट्ट्यात महाशीरांची एकूण संख्या वाढत गेली. पण वाढले ते लोणावळ्याच्या वंशाचे निळ्या परांचे. कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर, जो पन्नास किलोच्या घरात जाई, त्याची पिल्लं दिसेनाशी झाली. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

एका माशाला वाचवणारं बीज दुसऱ्या नदीत दुसऱ्या माशाच्या जागेवर वाढलं. हेतू चांगला होता, हे पुरेसं ठरलं नाही. पण ही चूक उघडकीला आली तीही गळवाल्यांच्या वह्यांमुळेच. २०१२ साली संरक्षित क्षेत्रातली गळमारी शिकारीच्या व्याख्येत धरली जाऊन बंद झाली आणि त्या वह्याही बंद पडल्या. त्यानंतर त्या पाण्यात काय घडतंय ते रोज पाहणारं कुणी उरलं नाही.

गळ न टाकताही मासे राखले गेले आहेत. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड आणि वाडा तालुक्यातलं वैतरणेकाठचं तिळसे, दोन्हीकडे देवाच्या नावाने महाशीरांना अभय आहे. काठावरून लाह्या-चणे टाकले की हातभर मासे वर येतात. लक्षात घ्यायचं ते हे, की ही बंदी वरून आली नाही. त्याच नदीत वर-खाली मासेमारी करणाऱ्या गावांनीच एक कोंड वेगळा काढला. डोहातला मासा पुरात खाली वाहत येतो आणि त्यांच्याच जाळ्यात भर पडते, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

वसईच्या खाडीसाठी यातून काय घेता येईल, ते मला अगदी नेमकं दिसतं. भाईंदरच्या खाडीकाठी, जेसल पार्कच्या बाजूला, सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसणारे असतात. नवघर-खारी-गोडदेवच्या जुन्या घरांत अजून पाग आहे. पाणजू बेटावर आणि नायगावला मासेमारी चालते. या सगळ्यांकडून एक वही भरून घ्यायची: तारीख, भरती की ओहोटी, उधाण की भांग, जाळं कुठलं, मासा कुठला, केवढा, आणि पाण्याला वास होता का. उत्तन-सातपाटीच्या संस्थांकडे अशा वह्यांची सवय आहे, त्यांचे अनुभवी लोक शिकवू शकतील. कांदळवन कक्ष, मत्स्यव्यवसाय विभाग आणि महापालिका यांनी ती वही पुरावा म्हणून ग्राह्य धरायची, आणि खाडीवर पूल, जेटी किंवा भराव यांचा प्रस्ताव आला की पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्याने आधी ती वाचायची. आज असे अहवाल एका-दोन ऋतूंतल्या काही नमुन्यांवर उभे राहतात, आणि जनसुनावणीत खाडीकाठचा माणूस उभा राहिला की त्याला विचारलं जातं: तुमच्याकडे आकडे आहेत का?